माझ्या मापाच्या स्की

५ डिसेंबर, गुरुवार

डाव्या स्कीचा कारभार आटोपला. दुसऱ्याच फेरीला. वरून ताज्या भुसभुशीत बर्फाची गुडघाभर पावडर आणि खाली दगड — डिसेंबरात दरवर्षी असंच असतं आणि दरवर्षी मी विसरते. पोलादी कड वीतभर उखडली, आतलं लाकूड बाहेर आलं. दहा वर्षांच्या स्की, १७८ सेंटिमीटर, माझ्या नवऱ्याने, थेनने निवडलेल्या.

अकरालाच घरी आले. आर्डिथ स्वयंपाकघरात, थेन खिडकीत. आर्डिथ शेजारची, आमच्याच चर्चमधली. थेनला आता एकटं सोडता येत नाही; ती दर गुरुवारी सकाळी त्याच्याजवळ बसते म्हणून मला वर डोंगरात जाता येतं. आठवड्यातले तेवढेच पाच तास माझे. येताना ते चीजचे बटाटे घेऊन येते, जे आमच्याकडे मयतीला करतात. आमच्याकडे माणूस जिवंत असतानाच खाणं चालू आहे. मी तिला हे बोलून दाखवलं तर ती रडेल, म्हणून गप्प खाते.

थेनने स्कीकडे बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "कुंपणाला."

आमच्या मागच्या अंगणाचं कुंपण जुन्या स्कींचं आहे. त्रेचाळीस वर्षांच्या स्की उभ्या ठोकल्यात. म्हणजे बरोबर बोलला तो. बायको म्हणून मला आज ओळखत होता की नाही, सांगता येत नाही. स्की मात्र ओळखली.

आता नवी घ्यायची. आजवर मी स्वतः एकही घेतलेली नाही! थेन एकतीस वर्षं स्कीच्या दुकानात. माझी स्की नाताळात झाडाखाली यायची — रिबीन बांधून, माझ्या बुटांच्या मापाने भोकं पाडून, बूट अडकवायचं बाइंडिंग बसवून. भोकं पाडलेली स्की दुकान परत घेत नाही. त्यामुळे आवडली का, हा प्रश्नच नसायचा.


६ डिसेंबर

नाश्त्याला थेनला विचारलं, "मला पावडरसाठी केवढी स्की लागेल रे?"

ताबडतोब उत्तर. "एकशे पंच्याण्णव."

१९५! पुरुषांनाही आता एवढी कोणी देत नाही. मी त्याच्या टोस्टला लोणी लावून दिलं.


७ डिसेंबर, शनिवार

आर्डिथ तासभर बसली म्हणून दुकानात जाऊन आले. जनील होती. ती थेनच्या हाताखाली शिकली, आता दुकान तीच बघते. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. डोक्याचा पार भुगा करून परत आले.

एक निळी, मधून फार रुंद. ती तरंगते म्हणे, पण कडक बर्फावर आडमुठी. दुसरी तांबडी, तिच्यावर घुबड. जरा अरुंद, वळते छान, पण खोल पावडरमध्ये मेहनत करायला लावते. दोन्ही १६४, १७१ आणि १७८ मध्ये. टोकं दोन्हीकडून वर वळलेली, त्यामुळे बर्फाला टेकतो तो भाग आखूड, त्यामुळे लांब घ्यायची. पण माझं वय सहासष्ट, त्यामुळे आखूड घ्यायची. पण पावडरसाठी लांब. पण झाडांत जात असाल तर आखूड. मी म्हटलं, "जनील, एक काय ते सांग."

ती म्हणाली, "ते तुला ठरवायचंय, नेड्रा. तू कुठे जातेस, कशी जातेस?"

कशी जाते? थेनच्या मागे जाते. जात होते.

वर तो फॉर्म. उंची — पाच फूट पाच. वजन — तिथे मी जरा दया दाखवली. मग प्रकार: एक, दोन की तीन. एक म्हणजे सावकाश जाणारे, तीन म्हणजे जोरात जाणारे, त्यावर बाइंडिंग किती घट्ट ठेवायचं ते ठरतं. पडल्यावर बूट सुटला नाही तर गुडघा जातो. मी पेन धरून बसले. थेन माझ्यासाठी नेहमी तीन लिहायचा. मी तीन आहे का? मला काय माहीत? फॉर्म तसाच ठेवून आले.

जनीलने सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. थेनने तिला पहिल्याच दिवशी शिकवलेला नियम: बाईबरोबर नवरा आला की आधी नवऱ्याला गॉगल बघायला पाठवायचं. नवरे स्वतःला हवी तशी स्की बायकोला घेतात. तो गॉगलमध्ये रमला की मग बाईला विचारायचं, तुम्हाला काय हवंय.

आम्ही खूप हसलो त्यावर.


८ डिसेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर ट्रिनाचा फोन. बॉइझीहून लेक आईला शहाणपण शिकवते.

"आई, स्की मोडली ना? मग खूणच समज. बास कर आता."

"दगड होता तो, खूण नव्हती."

"आणि उद्या तुझा पाय मोडला तर? बाबांना कोण बघेल? एका दिवसात त्यांना त्या स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या संस्थेत ठेवावं लागेल. नाव नोंदवून ठेवलंय तूच."

मी ठेवलंय खरं. ती चूक नाही, त्याचाच जास्त राग आला. माझा पाय म्हणजे आता थेनचं घर. एवढं सगळं एका स्कीच्या लांबीवर आलंय, आणि मला साधा आकडा ठरवता येत नाही.

पण गुरुवार सोडला तर मी राहणार नाही. म्हणजे असेन इथेच, गोळ्या देत, कुलपं लावत. पण मी नसेन. हे ट्रिनाला कसं सांगायचं?


९ डिसेंबर

परत विचारलं. थेन म्हणाला, "एकशे त्र्याऐंशी." ठामपणे. शुक्रवारचे १९५ कुठे गेले?


१० डिसेंबर, मंगळवार

कॉम्प्युटरवर दोन तास. एक म्हणतो हनुवटीपर्यंत, एक म्हणतो कपाळापर्यंत, एक म्हणतो पावडरसाठी डोक्याच्या वर चार बोटं. एका बाईने लिहिलंय की तिने १० सेंटिमीटर कमी केले आणि आयुष्य बदललं. तिच्या खाली एका बुवाने लिहिलंय, आखूड स्की घाबरटांसाठी. तो बुवा कुठे राहतो बघितलं — फ्लोरिडा!

थेनला तिसऱ्यांदा विचारलं. "एकशे सत्तर, आणि बाइंडिंग जरा मागे घे."

मी वैतागले. आवाज चढला माझा. "थेन, एक काहीतरी सांग ना!" तो घाबरला. घाबरला की टेबलाची कड पुसत बसतो. मग मीच त्याच्या शेजारी बसून टेबल पुसलं.


१२ डिसेंबर, गुरुवार

जनीलने वापरून बघायला स्की दिल्या. ती म्हणत होती १७१ ने. मी हट्टाने निळी १७८ उचलली — थेनने शेवटची दिली ती १७८, तेव्हा तोच आकडा खरा. अठरा इंच पडलं होतं रात्रीत. घाटरस्ता उशिरा उघडला, गाड्यांची रांग पार खाली वस्तीपर्यंत.

पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या. तिसरीला झाडांत वळण घेताना मागचं टोक फिरेचना. डोक्यावर पडले. उठले तर एकाच पायात स्की.

पावडरमध्ये हरवलेली स्की हा काय प्रकार आहे ते ज्याची हरवलीय त्यालाच कळतं. वर खूण नसते. काठी उलटी धरून मुठीने खुपसत बसायचं. माणसं शेजारून जात होती, ओरडत, खुशीत. कोणी थांबलं नाही. पावडरच्या दिवशी कोणी कोणासाठी थांबत नाही, ही इथली रीतच आहे. मीही कधी थांबलेले नाही, त्यामुळे तक्रार कसली?

पन्नास मिनिटं. थेन नेहमी सांगायचा, स्की खाली शोधू नकोस, ती वरच राहते, आपण घसरत पुढे येतो. आणि मी खाली खुपसत होते! मग वर चढले. पडले त्याच्या सहा पावलं वर, हाताला लागली. तिथेच बसून रडले थोडी. घाम आणि रडणं एकदम, गॉगल आतून धुकट.

घरी पोचायला अडीच वाजले. गुरुवारी मी साडेबाराला येते. आर्डिथच्या हातात पर्स, तिची दातांच्या डॉक्टरांची वेळ चुकली होती. मला बघताच निघाली बिचारी. थेन खिडकीत कोट घालून उभा. "साडेबाराला येते ती," म्हणत होता. "साडेबाराला येते." मी समोर उभी होते तरी म्हणत होता.


१३ डिसेंबर

मांड्या भरल्यात. ट्रिनाला काहीही सांगितलेलं नाही.


१५ डिसेंबर, रविवार

मोडकी स्की कुंपणात बसवायला गेले. थेन हातात स्क्रू घेऊन शेजारी. मी जागा शोधत होते आणि नजर पडली — पहिलीच स्की, अगदी कोपऱ्यातली, पिवळी, रंग उडालेला. त्रेचाळीस वर्षांपूर्वीची. लग्नानंतरचा पहिला नाताळ. तेव्हा हात वर करून मनगटापर्यंत मोजायचे. टोकाजवळ आकडा आहे अजून: १९५.

मी घरात जाऊन चष्मा आणला.

१८३ — जेव्हा पहिल्यांदा रुंद पावडर-स्की निघाल्या आणि सगळे हसले होते, त्या वर्षीची. ट्रिना तेव्हा शाळेत. १७० — ज्या वर्षी माझं गर्भाशय काढलं, त्या हिवाळ्यातली. बाइंडिंगची भोकं खरोखरच जरा मागे.

म्हणजे तो बरळत नव्हता. मी विचारलं आणि प्रत्येक वेळी त्याने बरोबर उत्तर दिलं. फक्त तो त्या सकाळी कुठल्या वर्षात होता, ते मला माहीत नव्हतं. शुक्रवारी मी तेवीस वर्षांची होते. सोमवारी एकोणचाळीस वर्षांची.

कुंपणाला डोकं टेकून उभी राहिले. थेनने स्क्रू पुढे केला. "हा लांब पडेल," म्हणाला. पडलाच लांब.


१६ डिसेंबर, सोमवार

कालचं सगळं गोड वाटलं. आज सकाळी राग आला. का आला ते लिहून बघते.

नाश्त्यानंतर परत कुंपणाशी गेले आणि एकेका स्कीला पाठ लावून उभी राहिले. वेडी बाई! पण एकही माझ्या उंचीची नाही. सगळ्या माझ्या डोक्याच्या वर. १७० सुद्धा, ऑपरेशन झालेल्या बाईला. मला आठवतं, दरवर्षी झाडांत मांड्या पेटायच्या, मी म्हणायचे, "थेन, जड जाताहेत." तो म्हणायचा, "अगं, लांब असली की मागे पडत नाहीस." मला वाटायचं मीच कच्ची.

त्या मला नीट जाता यावं म्हणून नव्हत्या. त्याच्या मागे पळता यावं म्हणून होत्या. सहा फूट एक इंचाच्या माणसाच्या मागे. आणि दुकानात मात्र परक्या बायकांच्या नवऱ्यांना गॉगल बघायला पाठवत होता!

आता भांडायचं कोणाशी? ज्याच्याशी भांडायचं तो आत मोज्यांच्या जोड्या लावतोय. जोड्या चुकताहेत, पण प्रेमाने लावतोय. प्रेमाने दिल्या होत्या स्कीही. त्यात काही शंका नाही. मग राग कशाचा? मला काही कळत नाही.

दुपारी विचारलं, "आत्ताच्या नेड्राला केवढी?"

"आत्ताच्या?" म्हणाला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग खिडकीकडे वळला.


१८ डिसेंबर

जनीलचा फोन. तांबडी १६४ एकच राहिली, निळी १७१ एकच. शनिवारपर्यंत ठेवते म्हणाली, मग नाताळच्या गर्दीत जातील.

एका कागदावर लिहिलं: १६४ घेतली आणि पावडरमध्ये बुडाले तर? १७१ घेतली आणि परत पडले तर? काहीच घेतली नाही तर? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ट्रिनाला माहीत आहे.


१९ डिसेंबर, गुरुवार

आर्डिथला फ्लू. गुरुवार रद्द. डोंगरावर अकरा इंच. थेन आणि मी खिडकीतून बघत बसलो. त्याने हिरवी जेली खाल्ली, मी पण.


२१ डिसेंबर, शनिवार

आर्डिथ अजून झोपून. जनीलला फोन केला, म्हटलं नाही जमत, विकून टाक. ती म्हणाली, "थेनला घेऊनच ये. आपल्याच माणसांत आहे." दोन वर्षांत त्याला दुकानात नेलेलं नाही. भीती वाटत होती. कोणी कीव केली तर मला सहन होत नाही.

आत शिरल्याबरोबर त्याने माझा हात सोडला आणि सरळ काउंटरच्या मागे गेला. खुंटीवरचा एप्रन चढवला. पेन्सिल उचलून कानावर ठेवली. जनीलने मला डोळ्यांनीच खुणावलं, असू दे. मी बाकावर बसून बूट चढवू लागले.

तो समोर आला. "या. तुम्हाला स्की कोणी दाखवतंय का?"

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"नाही," म्हणाले.

"मिस्टर आलेत बरोबर?"

मी जनीलकडे बघितलं. जनील कोटांच्या रांगेमागून म्हणाली, "ते गॉगल बघताहेत."

"छान. तिकडेच असू देत." तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि माझ्या बुटाचं बक्कल लावू लागला. बोटं अजिबात चुकली नाहीत. "आता सांगा. कुठे जाता?"

"वरच. गुरुवारी सकाळी."

"एकट्या?"

"एकटी."

"झाडांत की उघड्यावर?"

"झाडांत. हळू. उघड्या उतारावर मला भीती वाटते."

त्रेचाळीस वर्षं मी उघड्या उतारावरून त्याच्या मागे गेले आणि हे कधी बोलले नव्हते. त्याने नुसती मान डोलावली, रोज दहा बायका हेच सांगतात तशी.

"सध्या केवढी वापरता?"

"एकशे अठ्ठ्याहत्तर."

त्याचे हात थांबले. "ही कोणी दिली तुम्हाला?"

"नवऱ्याने."

"तो उंच असणार."

"सहा फूट एक."

"असेच असतात." हसला. ओळखीचं हसू, पण माझ्यासाठी नव्हतं. "वाईट माणसं नसतात हो. बायको मागे राहील याची त्यांना भीती. पण तुम्हाला कोणाला गाठायचंय का?"

"नाही," म्हणाले. "आता नाही."

"मग ही." तांबडी घुबडवाली १६४ माझ्याशेजारी उभी केली आणि माझ्या डोक्यावर सपाट तळवा ठेवून स्कीच्या टोकाला नेला. बरोबर जुळला. "बुडणार नाही. वळेल. पडलात तर सुटेल." मग फॉर्म पुढे केला. प्रकाराचा रकाना रिकामा. "हे तुम्ही भरायचं. मी कोणाच्या बायकोचं भरत नाही."

मी दोन लिहिलं. वजनही खरं लिहिलं.

जनीलने भोकं पाडली. तो शेजारी उभा, प्रत्येक भोकावर अंगठा ठेवून बघत. निघताना स्की माझ्या खांद्यावर नीट ठेवून दिल्या आणि आवाज खाली आणून म्हणाला, "घरी मिस्टर काही बोलले तर सरळ माझ्याकडे पाठवा."

जनील भुर्रकन आतल्या खोलीत गेली. मी पैसे तसेच काउंटरवर ठेवले.

त्याला गाडीपर्यंत आणायला अर्धा तास लागला, दुकान बंद व्हायच्या आधी निघता येत नाही म्हणत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "हीटर लाव ना, नेड्रा." इतकं सहज.

मला आनंद झालाय की दुःख, कळत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला विचारलं, आणि ते विचारायला त्याला मला विसरावं लागलं.


२६ डिसेंबर, गुरुवार

आर्डिथ बरी. चौदा इंच. झाडांत सात फेऱ्या, कोणाच्याही मागे नाही. एकदा पडले, सुटली, वर शोधली, लगेच सापडली. साडेबाराला दारात.

थेन खिडकीत. आज सगळी ओळख होती. स्की बघून कपाळाला आठ्या. "एवढ्या आखूड? तुला कोणी दिल्या या?"

"दुकानात एक माणूस होता."

"त्याला काही कळत नाही."

मी बूट काढत बसले. तो टोकापासून शेपटापर्यंत अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "त्याने तुला विचारलं का? कुठे जातेस, कशी जातेस?"

"विचारलं."

"मग त्याने दिलेल्याच बरोबर असतील," म्हणाला. "मी नव्हतं विचारलं."